व्याह्यांना शेपू फार आवडतो

शेपूच्या भाजीबद्दल माझं मत काय आहे, हे मला एकोणसत्तर वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. तसं कशाबद्दलच विचारलं नव्हतं, त्यामुळे वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. ज्या दिवशी तो विषय निघाला त्या दिवशी मी खोटं बोललो. मत द्यायची सवय नसली की असं होतं.

आमच्या गंधारने स्वतःचं लग्न स्वतःच ठरवलं आणि आम्हाला कळवलं, यासाठी मी त्याचा आभारी आहे. हल्ली कळवतात, हेच पुष्कळ. मुलगी त्याच्या ऑफिसातली, भाग्यश्री इंगोले. घर विश्रांतवाडीला. वडील बापूराव मूळचे वाशीमकडचे, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्यात आले आणि इथलेच झाले. त्यांनी आम्हाला एका रविवारी जेवायला बोलावलं.

निघताना आनंदीने, म्हणजे माझ्या पत्नीने, मला सूचना दिल्या. "तिथं घुम्यासारखं बसू नका. आणि उगाच पुस्तकातलं काही बोलूही नका."

"मग काय करू?"

"छान म्हणा."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं नोकरी केली आहे. तिथे शांतता राखा अशी पाटी माझ्याच डोक्यावर होती आणि ती सगळ्यात जास्त मीच पाळली. त्यामुळे एका शब्दात भागणार असेल तर माझी काहीच हरकत नव्हती.

इंगोल्यांकडे बेत झकास होता. भरली वांगी, गोळाभात, कढी, भाकरी, शिवाय आमच्यासाठी म्हणून पोळ्या आणि श्रीखंड. मी प्रत्येक पदार्थाला एकदा छान म्हणून घेतलं आणि कर्तव्यातून मोकळा झालो. तेवढ्यात भाग्यश्रीची आई, मुक्ताबाई, आतून एक लहानसं पातेलं घेऊन आल्या आणि त्यांनी चमचा भरून माझ्या ताटाकडे नेला.

"ते काऊन आणलं?" बापूराव म्हणाले. "पाहुण्यायले शेपू वाढते का कोणी? घरात तुह्याशिवाय कुत्रं खात नाही तो."

"आई, प्लीज," भाग्यश्री म्हणाली. "सगळीकडे वास येतो."

मुक्ताबाईंचा चमचा हवेत तसाच राहिला.  त्या पातेल्याकडे पाहून किंचित हसल्या, आणि चमचा परत पातेल्यात घालून वळल्या. बाई किती वेळा अशा वळल्या असतील याचा अंदाज मला त्यांच्या पाठीवरून आला. पाठीवरून पुस्तक ओळखणं हा माझा व्यवसायच होता.

"वाढा की," मी म्हणालो. "मला आवडतो शेपू."

आनंदीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लॉकर उघडावं आणि आत दुसऱ्याच कोणाचे तरी दागिने असावेत.

खरी परिस्थिती सांगतो. शेपूचा वास मला औषधाच्या बाटलीत कापलेलं गवत भरून ठेवल्यासारखा वाटत असे. शिवाय ही भाजी एकदा खाऊन संपत नाही. संध्याकाळपर्यंत ती अधूनमधून घशापर्यंत येऊन आपली चौकशी करून जाते. पण आमच्याकडे पानात टाकायचं नाही ही लहानपणापासूनची शिस्त, आणि त्या शिस्तीला मी स्वतः लावलेली एक पुरवणी अशी, की नावडतं असेल ते आधी संपवायचं. म्हणजे पुढचं जेवण सुखाचं होतं. घरी ही पद्धत आयुष्यभर बिनबोभाट चालली. तिच्यातली खोट वाढणारं माणूस परकं असेल तेव्हाच लक्षात येते. ताटात वांगं जागेवर, श्रीखंड जागेवर, आणि फक्त शेपूची जागा चाटून पुसून स्वच्छ. याचा अर्थ जगातली कुठलीही गृहिणी एकच काढील.

मुक्ताबाईंनी पुन्हा वाढली. मी पुन्हा आधी संपवली. त्यांनी तिसऱ्यांदा वाढली आणि पातेलं माझ्या ताटाशेजारीच ठेवलं.

"पाहिलं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तीन खेपा घेतली व्याह्यांनी. अठ्ठावीस वर्षं झाले मी एकटी खाऊन राहिली. समजणाऱ्याले समजते."

निघताना त्या दारापर्यंत आल्या. केळवण त्यांच्याकडेच होतं, म्हणजे लग्नाआधी नवरामुलगा आणि त्याच्या घरच्यांना बोलावून जेवू घालायचं ते. बरोबर सहा आठवड्यांनी, वीसेक माणसं. "तुमच्यासाठी सारा शेपूचाच बेत करतो भाऊ," त्या म्हणाल्या. "भाजी, वडे, डाळीत शेपू, भाकरीतही घालतो. आता कोणाचं ऐकत नाही मी."

"छान," मी म्हणालो.

रिक्षा बंडगार्डन पुलाशी आली तशी आनंदी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "शेपू आवडतो?"

"म्हणजे तसं…"

"अडतीस वर्षांत माझ्या घरात शेपू शिरला नाही. एकदा सासूबाईंनी आणला होता, तर तुम्ही ग्रंथालयात मोजणी आहे म्हणून रात्री उशिरा आलात."

"मोजणी होतीच."

"दिवाळीत?" ती म्हणाली. "सरळ फोन करून सांगून टाका त्यांना. माणसं चांगली आहेत, हसतील आणि विसरतील."

हसतील यात शंका नव्हती. मला तेच नको होतं. वीस माणसांत ते हसणार आणि मुक्ताबाई पुन्हा तो चमचा हातात धरून उभ्या राहणार, आणि या वेळी कारण मी. शिवाय, लपवून काय उपयोग, थोडा माझाही स्वार्थ होता. माझ्याविषयी 'यांना हे फार आवडतं' असं वाक्य आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं. आमच्या घरात माझ्याविषयीचं वाक्य 'यांना काहीही चालतं' असं आहे. ते प्रशंसेसारखं ऐकू येतं, पण पायपुसण्याबद्दलही तेच म्हणता येईल.

तेव्हा माझ्यापुढे तीन मार्ग होते. खरं सांगणं, ऐन वेळी आजारी पडणं, किंवा सहा आठवड्यांत शेपू आवडून घेणं. पहिल्याला धैर्य लागतं, दुसऱ्याला नशीब. तिसऱ्याला फक्त अभ्यास लागतो, आणि अभ्यास मी आयुष्यभर केला आहे. त्यातून काय निष्पन्न झालं हा प्रश्न वेगळा.

आनंदीने एकच अट घातली. "काय करायचं ते करा. जुडी उंबऱ्याच्या आत येता कामा नये."

प्रथम मी वाचन केलं. आरोग्यावरच्या चार जुन्या पुस्तकांत शेपूची स्तुती होती. पण त्याच पुस्तकांत कडुनिंबाची आणि उपवासाचीही स्तुती होती, म्हणून मी ती बाजूला ठेवली आणि बसने मंडईत गेलो. पालेभाजीच्या गाळ्यावरच्या बाईंना मी नम्रपणे विचारलं, "यातल्या त्यात कमी वासाची आहे का एखादी?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वास नको असेल तर कोबी न्या."

मी जुडी घेतली. परतीच्या बसला खच्चून गर्दी होती, तरी माझ्या शेजारची जागा स्वारगेटपर्यंत रिकामी राहिली. ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव जागांपेक्षा हा उपाय पुष्कळ परिणामकारक आहे, असं मी संबंधितांना सुचवू इच्छितो.

जुडी घरात न्यायची नव्हती म्हणून समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथे दिगंबरराव पानसे राहतात. एकटेच असतात, स्वयंपाक स्वतः करतात, आणि एका सरकारी खात्यातून निवृत्त झाल्यामुळे त्यांना कुठल्याही विषयावर अभिप्राय देता येतो. त्यांनी जुडी उलटसुलट केली, एक काडी मोडली आणि खेदाने मान हलवली.

"बेहेरे, हा जून शेपू आहे."

"मग?"

"जून शेपूने गोडी लागत नाही, वैर वाढतं. सुरुवात कोवळ्याने करायची. आणि कोवळा बाजारात मिळत नाही, लावावा लागतो. केळवण कधी?"

"चाळीस दिवस आहेत."

"वीस-बावीस दिवसांत खुडण्याजोगा होईल. तोवर मी जूनच करून घालतो. शत्रूची ओळख असलेली बरी."

अशा रीतीने एका भाजीचा प्रकल्प झाला. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, फळांच्या दोन रिकाम्या पेट्या ठेवायचं ठरलं. मी गुपचूप ठेवणार होतो. पानशांना ते मानवलं नाही. "रीतसर अर्ज करा," ते म्हणाले आणि त्यांनीच तो लिहून काढला. त्यात विषय होता, संदर्भ होता, आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून' दोनदा होतं. पण शेपू हा शब्द कुठेही नव्हता. "विनाकारण तपशील द्यायचा नाही," त्यांनी समजावलं. "वनस्पती म्हणा."

मी अर्ज घेऊन सेक्रेटरी प्रियदर्शनी मॅडमकडे गेलो. त्या तरुण आहेत, दिवसभर घरून मीटिंगा करतात, आणि माझ्याशी बोलतानाही त्यांचा एक कान दुसऱ्या देशात असतो.

"काका, कागद कशाला? ग्रुपवर टाका ना."

ग्रुपवर टाकला. तीन दिवसांत मला एकसष्ट उत्तरं आली. त्यातली चाळीस सुप्रभात होती. उरलेल्यांत वरच्या मजल्यावरच्यांचं ना हरकत पत्र, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची जबाबदारी, आणि डास झाल्यास कोण, असे मुद्दे होते. समितीने विषय पुढच्या बैठकीवर टाकला. बैठकीची तारीख गणसंख्या जमेल तेव्हा ठरणार होती.

"बी पेरून टाका," पानसे म्हणाले. "काम आधी, मंजुरी नंतर. चाळीस वर्षांत मी दुसरी पद्धत पाहिली नाही."

पेरलं. आणि मंगळवार-शुक्रवार पानशांकडे जून शेपूचे धडे सुरू झाले. पहिल्या दिवशी मी एक चमचा खाल्ला आणि तीन पेले पाणी प्यायलो. दुसऱ्या खेपेला दोन चमचे. पानसे समोर बसून परीक्षकासारखे पाहत. "चावा. गिळू नका. गोळी नाही ती." मग घरी जाण्याआधी मी जिन्यात उभा राहून पेपरमिंटची गोळी चघळत असे, म्हणजे आनंदीला संशय येऊ नये. तिला संशय नव्हताच. तिला खात्री होती. "पानशांकडून आलात का?" ती न वळता विचारी. "उभे राहा जरा गॅलरीत."

अठराव्या दिवशी ग्रुपवर फोटो आला. माझ्या दोन पेट्या, त्यांत बोटभर उंचीचे हिरवे तंतू. खाली तिसऱ्या मजल्यावरच्या विक्रमने लिहिलं होतं: 'हे टाकीच्या मागे लपवून कोणी लावलंय? सस्पिशस वाटतंय. वर मुलं खेळतात.' त्याखाली कोणीतरी विचारलं, 'गांजा तर नाही?' त्याखाली कोणीतरी हात जोडले होते. का, ते कळलं नाही.

एकोणसत्तराव्या वर्षी माझ्यावर गांजाच्या लागवडीचा संशय घेतला गेला. इतकं रोमहर्षक माझ्या चरित्रात दुसरं काही नाही, त्यामुळे क्षणभर बरंही वाटलं.

तीन जणांची समिती गच्चीवर आली. विक्रमने मोबाईल पेटीवर धरला. झाडं ओळखणारं काहीतरी त्यात असतं. मोबाईलने थोडा विचार केला आणि ही वनस्पती कॉसमॉस असण्याची शक्यता बासष्ट टक्के असल्याचं जाहीर केलं.

"अय्या, कॉसमॉस," प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या. "मग काही प्रॉब्लेम नाही काका. आपल्या नियमात फुलझाडं चालतात, भाजीपाला चालत नाही. मागे एकांनी भोपळा लावला होता, तो डक्टमधून थेट चौथ्या मजल्याच्या बाथरूममध्ये गेला. पण हे तर कॉसमॉस आहे ना?"

मी सांगायला तोंड उघडलं. पानशांनी मागून माझा सदरा ओढला.

"छान," मी म्हणालो.

इतिवृत्तात 'श्री. बेहेरे यांच्या कॉसमॉस लागवडीस एकमताने मंजुरी' अशी नोंद झाली. यानंतर माझी झोप गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या तनुजाताईंनी फुलं गुलाबी येणार की पिवळी ते विचारून ठेवलं. मुलं पाणी घालू लागली, इतकं की शेपूने जोर धरला. जो तो जिन्यात थांबवून विचारी, "काका, कधी फुलणार?" मी वर आकाशाकडे बोट दाखवत असे. लोक त्याचा अर्थ आपापल्या श्रद्धेप्रमाणे लावत.

बाविसाव्या दिवसापासून मी पहाटे सहाला गच्चीवर जाऊन मूठभर कोवळा शेपू खुडू लागलो. पानसे तो मुगाच्या डाळीवर टाकत, लसणाची फोडणी देत. अजूनही मला तो आवडत नव्हता. पण आता त्याचा राग येत नव्हता. नोकरीतल्या एखाद्या सहकाऱ्याचं असं होतं, दहा वर्षांनी.

आठवडाभरात ग्रुपवर आलं: 'कोणीतरी कॉसमॉस खुडतंय. कळ्या येण्याआधीच. लाज वाटली पाहिजे.' लोक हळहळले. विक्रमने गच्चीवर कॅमेरा बसवण्याचा ठराव मांडला आणि पीडित व्यक्ती म्हणून अनुमोदकाची सही माझी घेतली. मी सही केली. माझ्याविरुद्ध माझ्याच सहीने मंजूर झालेला हा बहुधा पहिलाच ठराव असावा. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

कॅमेरा लागला आणि खुडणी थांबली. पुढच्या शुक्रवारी मी पानशांकडे गेलो. त्यांनी पान वाढलं. त्यात बटाट्याची भाजी होती.

"शेपू?" मी विचारलं.

"कुठून आणू? मंडईत आज आला नाही, आणि वर तुमचा कॅमेरा. खा. बटाटा तुमचा आवडता ना?"

बटाटा माझा आवडता होता खरा. मी चार घास खाल्ले. भाजी पिवळी होती, मऊ होती, तिच्यात कशालाच विरोध नव्हता. मला फसवल्यासारखं वाटू लागलं. जिभेच्या मागच्या बाजूला एक जागा रिकामी होती आणि ती जागा बटाट्याला सापडत नव्हती. मी हात थांबवून बसलो. हे काय होतंय ते कळायला मला थोडा वेळ लागला, कारण मला काहीतरी हवं असण्याची सवय नाही.

"कुठे निघालात?" पानसे म्हणाले.

मी गच्चीवर गेलो. दुपारचा एक वाजला होता. शेपू वीतभर झाला होता, वाऱ्यावर हलत होता. मी मूठभर खुडला आणि पानशांकडे नेण्याइतकाही दम न धरता तिथेच उभ्याउभ्या तोंडात घातला. औषधाची बाटली अजून होती त्यात, पण तिचं बूच उघडलेलं होतं. मी दुसरी मूठ खुडली. कॅमेरा डोक्यावर होता, हे मला तिसऱ्या मुठीला आठवलं.

पाऊण मिनिटाची ती चित्रफीत संध्याकाळपर्यंत सर्वांनी पाहिली. त्यात एक वृद्ध गृहस्थ टाकीमागे उभे राहून डोळे मिटून कॉसमॉस खाताना दिसतात. खाली तनुजाताईंनी लिहिलं होतं, 'काका बरे आहेत ना?'

मला बैठकीत बोलावलं. गणसंख्या या वेळी चटकन जमली. मी उभा राहिलो आणि म्हणालो की तो कॉसमॉस नाही, शेपू आहे.

"शेपू?" प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या. गांजाला त्यांचा चेहरा इतका वाईट झाला नव्हता.

मोबाईलवर विश्वास ठेवल्याबद्दल विक्रम माझ्यावरच चिडला. सात दिवसांत पेट्या हलवाव्यात असा निर्णय झाला. पानशांनी त्यावर अपील करता येईल असं सांगितलं. मी नको म्हणालो. केळवणाला सहाच दिवस उरले होते, आणि खरं सांगायचं तर मी खुशीत होतो. अभ्यास पुरा झाला होता. आता मी विश्रांतवाडीला ताठ मानेने जाणार होतो.

घरी आनंदी मोबाईल घेऊन बसली होती. ती चित्रफीत पाहत होती आणि तिचे डोळे ओले होते.

"अहो," ती म्हणाली, "इतका त्रास करून घेतलात? त्या बाईंचं मन राखायला कच्चा पाला खाताय, डोळे मिटून. मी उगाच टोमणे मारत बसले."

"तसं नाही, मला तो खरंच…"

"राहू द्या. मला माहीत नाही का तुम्ही कसे आहात." आणि तिने माझ्यासाठी शिरा केला. अडतीस वर्षांत तिला माझी इतकी दया कधी आली नव्हती. ती वाया घालवणं मला बरं वाटलं नाही, म्हणून मी शिरा खाल्ला.

केळवणाच्या दिवशी मी सकाळी चहाबरोबर काही घेतलं नाही. पोटात जागा ठेवली होती. इंगोल्यांच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या, पानांभोवती रांगोळी होती, वीस माणसं ओळीने बसली. वाढप सुरू झालं. अळूची भाजी, त्यात शेंगदाणे आणि चण्याची डाळ. बटाट्याची भाजी. आंबटगोड आमटी. मसालेभात. जिलबी. मठ्ठा.

मी वाट पाहिली. मग शेजारच्या पानात पाहिलं. कुठेच शेपू नव्हता.

मुक्ताबाई वाढत माझ्यापर्यंत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "घ्या आपण अळू," त्या म्हणाल्या. "पुण्याच्या पद्धतीनं केलं. पाहून केलं मोबाईलवर." त्यांच्या तोंडून 'भाऊ'ऐवजी 'आपण' ऐकलं आणि काय झालं असेल ते मला कळलं. आनंदीकडे पाहिलं तर ती समाधानाने हसली आणि हळूच म्हणाली, "सांगून टाकलं मी त्यांना फोनवर. आता सुखानं जेवा."

"व्याही, तुम्ही भले माणूस," बापूराव मोठ्याने म्हणाले. "तोंडावर सांगायचं न जी, की नाही आवडत म्हणून." मग त्यांनी सगळ्या पंगतीला गोष्ट सांगितली. तीन खेपा घेतली ती, गच्चीवर चोरून केलेला सराव, चित्रफीत. आनंदीने ती त्यांनाही पाठवली होती. वीस माणसं खळाळून हसली. "आमच्या हिले वाटलं, सापडला एक शेपूवाला."

मुक्ताबाई अळूचं पातेलं हातात धरून पंगतीच्या मधोमध उभ्या होत्या आणि त्याही हसत होत्या, थोड्याशा.

"मला आवडतो शेपू," मी म्हणालो.

पंगत दुप्पट हसली. गंधार म्हणाला, "बाबा, बास आता." आनंदीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "अहो, कळलंय त्यांना सगळं. आता कशाला?" मी आयुष्यात प्रथम एखाद्या गोष्टीबद्दल जाहीरपणे खरं मत दिलं होतं आणि ते विनोद म्हणून मंजूर झालं होतं.

मुक्ताबाई स्वयंपाकघरात गेल्या. मी अळू खाल्लं. मग भरल्या पानावरून उठलो. हे आमच्याकडे चोरीच्या खालोखाल समजतात. माझं ताट हातात घेऊन मी त्यांच्यामागे गेलो.

ओट्यावर, कोपऱ्यातल्या शेगडीवर, झाकण घातलेलं छोटं पातेलं होतं. झाकण घालून उपयोग नसतो. मला दारातच कळलं.

"ते काय आहे?"

"माझ्यापुरतं आहे," मुक्ताबाई म्हणाल्या.

"थोडं वाढता?"

"नका जी भाऊ." त्यांचा आवाज दमलेला होता. "मन राखाले माणसानं किती खोटं बोलावं? मले वाईट नाही वाटलं. तुम्ही जाऊन जेवा."

"खोटं एकदाच बोललो. त्या दिवशी. आताचं खरं आहे."

"आनंदीताई म्हणाल्या, औषधासारखा खाऊन राहिले होते तुम्ही. डोळे मिटून."

डोळे का मिटले होते हे मला सांगता आलं असतं, पण ते परक्या बाईंना सांगण्यासारखं वाटेना. मी नुसतंच ताट पुढे धरलं. त्यांनी ते पाहिलं, मला पाहिलं, आणि लहान मुलाची समजूत काढावी तसा अर्धा चमचा वाढला. मग हाताची घडी घालून माझ्या तोंडाकडे पाहत उभ्या राहिल्या.

मी घास घेतला. चावला. पुन्हा चावला.

"लसूण कमी आहे," मी म्हणालो.

हे कसं बाहेर पडलं मला माहीत नाही. व्याह्यांच्या घरी, विहिणीच्या तोंडावर. पण सुरू झालंच होतं. "आणि डाळ जास्त शिजलीय. ती अख्खी पाहिजे. दाताखाली आली पाहिजे."

 लग्न मोडलं तर गंधारला काय सांगायचं, याचा मी विचार करू लागलो. मुक्ताबाईंनी चमचा उचलला, पातेल्यातली भाजी हातावर घेतली, चाखली.

"लसूण सारा अळूत गेला," त्या म्हणाल्या. "तुमच्याच."

"अळूत लसूण घालत नाहीत."

त्यांनी चमचा खाली ठेवला. मग पायाने ओट्याखालचं स्टूल माझ्याकडे सरकवलं, माझं ताट ओढून घेतलं, त्यातली जिलबी आणि बटाटा एका कडेला लोटला, आणि पातेलं तिरकं करून भाजी वाढायला लागल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणखी काय काय चुकलं ते सांगत जा."

बाहेरून आनंदीचा आवाज आला. "अहो, कुठं आहात? सगळे तुमच्यासाठी खोळंबलेत."

माझं तोंड भरलेलं होतं. मुक्ताबाईंनीच मान वळवून उत्तर दिलं.

"जेवून राहिले ते."